काम–कुटुंब संघर्षाचे मापन

नोकरी आणि घर या दोन्हींच्या जबाबदाऱ्या पेलताना होणारी ओढाताण आकड्यांत मांडण्याची पद्धत. मुख्य साधन प्रश्नावली. समोरच्या विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे कामगार ठरलेल्या श्रेणीवर सांगतो.

जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये या संघर्षाचे तीन प्रकार मांडले. कामाची पाळी लांबली की शाळेतली पालकसभा चुकते, हा वेळेचा. कामावरचा शीण घरी चिडचिड होऊन बाहेर पडतो, हा ताणाचा. हाताखालच्या माणसांवर हुकूम सोडायची सवय घरात चालत नाही, हा वागणुकीचा.

ओढाताण दोन्ही बाजूंनी होते. काम घरात शिरते, तसे घरही कामात शिरते. नेटमायर, बोल्स आणि मॅकमरियन यांच्या १९९६ च्या मापनश्रेणीत म्हणूनच प्रत्येक दिशेसाठी वेगळी पाच विधाने आहेत. कामाच्या व्यापात घरच्या गोष्टी राहून जातात, घरच्या अडचणींमुळे कामावर वेळेत पोहोचता येत नाही, अशा आशयाची. उत्तरे सात पायऱ्यांवर द्यायची. कार्लसन, कॅकमार आणि विल्यम्स यांनी २००० मध्ये तीन प्रकार आणि दोन दिशा एकत्र करून १८ विधानांची श्रेणी तयार केली. नेदरलँड्समधील नाइमेखनच्या प्रश्नावलीत काम आणि घर एकमेकांना कसा हातभार लावतात, हेही विचारले जाते.

या साऱ्या श्रेणी घर आणि कामाची जागा वेगळी आहे असे गृहीत धरतात. सोलापुरात घरी बसून विड्या वळणारी बाई मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन बसते, मध्येच उठून भात उतरवते, पुन्हा पान कापायला घेते. काम घरात आले का, हा प्रश्न तिला लागूच पडत नाही. तिथे वेळनोंद, म्हणजे दिवसभरात कोणत्या कामाला किती वेळ गेला याची नोंद, उपयोगी पडते. भारताच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ अशा २४ तासांची अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंद घेतली गेली. आपल्या घरचे बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ होते.

घरकाम आपलेच कर्तव्य मानणारी स्त्री प्रश्नावलीत संघर्ष कमी सांगू शकते. कमी गुण म्हणजे कमी भार असा अर्थ लावणे चूक आहे. कामगार स्त्रियांच्या अभ्यासात प्रश्नावलीला वेळनोंदीची जोड द्यायलाच हवी, आणि उत्तरे नवऱ्या-सासूसमोर न घेता तिला एकटीला विचारून घ्यायला हवीत.