पुनर्रोपण: खोडावरच्या नोटिशीतला एक शब्द

बागेचं नूतनीकरण जाहीर झालं की बाहेरच्या फुटपाथवरच्या झाडांवर पांढऱ्या रंगात आकडे येतात. मग कधीतरी त्याच खोडांवर नोटीस चिकटते: इतकी झाडं कापणार, इतक्यांचं पुनर्रोपण, हरकत असल्यास मुदतीत कळवा. मुंबईत गेली पंधरा-वीस वर्षं या नोटिशीतल्या ‘पुनर्रोपण’ या शब्दावरून भांडणं होत आहेत.

जुना इतिहास थोडक्यात. भायखळ्याची राणीची बाग 1862 ची. प्लेगनंतर 1898 मध्ये शहर मोकळं करण्यासाठी खास यंत्रणा उभी राहिली आणि पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. त्या आखणीत रस्ता, फुटपाथ, झाडांची रांग आणि बाग हे सगळं एकाच कागदावर होतं. शिवाजी पार्क 1925 मध्ये खुलं झालं. मैदानाभोवती फिरताना डोक्यावर सावली धरणारे रेन ट्री मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, गुलमोहर मादागास्करचा. पण आज त्यांना परके म्हणायला जीभ रेटत नाही.

1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. त्याच कायद्याने नवा रस्ता किंवा रस्तारुंदी यांसाठी झाड दुसरीकडे हलवणं आणि न जगलेल्या झाडाच्या जागी नवं लावणं ही कामं एकाच कलमात, जवळजवळ एका दमात सांगितली. गुंता इथूनच सुरू होतो. ‘पुनर्रोपण’ ऐकणाऱ्याला वाटतं, तेच झाड पलीकडे उभं राहील. पण मराठीत ‘पुन्हा लावणे’ नव्या रोपालाही चालतं, आणि सुनावणीत हे दोन अर्थ सर्रास एकमेकांत मिसळतात.

तेच झाड हलवायचं असलं तरी बागेतलं झाड वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं. नीट काम करायचं तर आधी टप्प्याटप्प्याने मुळं छाटतात, नवी तंतुमुळं फुटू देतात, मग मातीचा गोळा गोणपाटात बांधून क्रेनने उचलतात. फुटपाथवरच्या झाडाला एका बाजूला रस्त्याचं काँक्रीट, दुसऱ्या बाजूला बागेच्या भिंतीचा पाया, खाली पाण्याची पाइपलाइन आणि केबल. गोळा गोल निघतच नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला असाच एक रेन ट्री रात्री उचलला. सकाळी फुटपाथवर खड्डा होता आणि कडेला मनगटाएवढी मुळं सरळ कापलेली, आतून पांढरी, ओली. ट्रकवर गेलं ते फांद्या उडवलेलं खोड होतं. वड, पिंपळ, उंबर यातूनही तगतात. वडाची तर जाड फांदीही रुजते. रेन ट्री आणि गुलमोहराची मुळं उथळ आणि लांबवर पसरलेली, त्यांचं अवघड. तरीही नोटिशीत सगळ्यांना एकच रकाना.

2017 मध्ये भुयारी मेट्रोसाठी दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवरची झाडं निघाली तेव्हा न्यायालयाने काही काळ स्थगिती दिली. ती उठली आणि पुनर्रोपणावर देखरेख नेमली गेली. हलवलेली झाडं पुढे पाहिली तेव्हा त्यांतली बरीच वठलेली आढळली. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी तोड झाली, स्थगिती येईपर्यंत 2,141 झाडं पडली होती.

मलबार हिलला याच शब्दावर आकडा फिरला. हँगिंग गार्डन जुन्या जलाशयाच्या छतावर आहे. जलाशय नव्याने बांधण्यासाठी 2023 मध्ये परिसरातल्या झाडांवर नोटिसा लागल्या: 189 कापायची, 200 हलवायची. प्रस्ताव मांडणारे 189 म्हणत, रहिवासी 389. मला रहिवाशांचा हिशेब बरोबर वाटतो, कारण त्या जागेवरून 389 झाडं जाणार होती आणि संध्याकाळी तिथे फिरणाऱ्याला सावली त्याच जागेवर हवी होती. तज्ज्ञांनी जलाशयात उतरून पाहणी केली, मतं विभागली, आणि अखेर पाडून बांधण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग धरला गेला. राणीच्या बागेतही साधारण 2007 पासून मोठ्या कायापालटाच्या आराखड्याला नागरिकांनी विरोध केला होता. तिथल्या गोरखचिंचेसारख्या दुर्मीळ वृक्षांची यादी हातात असल्याने त्यांना दाखवायला पुरावा होता. फुटपाथवरच्या झाडांची अशी यादी क्वचितच कुणाकडे असते. 2018 च्या गणनेत शहरात सुमारे 29.75 लाख झाडं नोंदली गेली, पण ती कधी लावली याचा कागद बहुतेकांना नाही.

2021 च्या कायदादुरुस्तीपासून तीच उणीव जास्त बोचते. या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं आणि जितकं वय तितकी नवी झाडं लावण्याची अट घातली. त्यामुळे वाद आता वयावर आला. लागवडीचा कागद नसला की छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजतात. रेन ट्री झपाट्याने फुगतो, बकुळ सावकाश. एका घेराचे दोन वृक्ष शेजारी असतील, तर बकुळीचं वय कितीतरी जास्त असू शकतं. त्यामुळे बागेचा आराखडा येण्याआधीच आता काही ठिकाणी रहिवासी जुने फोटो शोधत आहेत: कुणाच्या लग्नाची वरात, कुणाची पहिली स्कूटर, आणि मागे भिंतीबाहेर उभं असलेलं तेच झाड.