पंप तोंडात, औषध घशात

‘पंपाची सवय लागते’ या भीतीपायी दम्याचे कितीतरी रुग्ण गोळ्यांवरच दिवस काढतात. प्रत्यक्षात साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या एका पफमध्ये, म्हणजे एका फवाऱ्यात, १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या ४० पट. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात जास्त थरथरतात, छाती धडधडते. पफ थेट श्वासनलिकांत जाऊन आवळलेले स्नायू सैल करतो. पाचेक मिनिटांत श्वास मोकळा होऊ लागतो.

अर्थात, औषध तिथवर पोचलं तर! फवारा इतक्या वेगाने सुटतो की बरंचसं औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतं आणि गिळलं जातं. पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावलं की त्यात फवाऱ्याचा वेग मंदावतो, शिवाय दाबणं आणि ओढणं यांचा मेळ अचूक साधावा लागत नाही. लहान मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही तो हवाच.

टोपण काढून तोंडाशी काही अडकलेलं नाही ना, ते बघा. पंप चांगला हलवा. ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसरभोवती ओठ घट्ट मिटा. एकदाच दाबा आणि हळूहळू, खोल श्वास घ्या. मग १० सेकंद रोखून धरा. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन पफ एकदम मारले तर थेंब एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात, पदरात कमीच पडतं. प्लास्टिकचा स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध आतच चिकटून बसतं.

कॅप्सूलमधली औषधाची भुकटी ओढायच्या रोटाहेलरचं तंत्र नेमकं उलटं: तिथे श्वास जोरात आणि झटकन ओढायचा, कारण भुकटी उडवायचं काम तुमच्या श्वासाचं आहे. त्यात फुंकर मारू नका, ओलाव्याने भुकटी गोळा होते. कोकणातल्या पावसाळ्यात तर कॅप्सूल ऐनवेळीच डबीतून काढावी, तीही कोरड्या हातांनी. ती गिळायची नसते.

फवाऱ्याच्या पंपातली औषधाची डबी पाण्यात तरंगते का, यावरून औषध किती उरलं ते कळत नाही. २०० पफ संपल्यावरही गॅसमुळे फवारा येत राहतो. आकडा दाखवणारा पंप घ्या, नाहीतर वापर लिहून ठेवा.

आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा साल्ब्युटामॉलचा पंप लागत असेल, तर श्वासनलिकांची सूज तशीच आहे. हे औषध ती उतरवत नाही. त्यासाठी स्टेरॉइडचा इनहेलर लागतो. म्हणूनच दम्याच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नका, असं सांगितलं आहे. वर्षाला तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर तीव्र झटक्याचा धोका वाढलेला असतो.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर थांबू नका. स्पेसरमधून एकेक करत ४ ते १० पफ द्या आणि लगेच रुग्णालयात निघा. आराम पडला नाही तर वाटेत २० मिनिटांनी पुन्हा द्या. रुग्णाला आडवं करू नका, बसवूनच न्या.