वृद्धाश्रमाचा अग्निसुरक्षा दाखला: नमुना 'ब', भोगवटा आणि रात्रपाळीचा सराव

वृद्धाश्रमाची फाईल अग्निशमन विभागातून परत येते, ती बऱ्याचदा भोगवट्यावरून, म्हणजे इमारत कशासाठी वापरली जाते यावरून. इमारतीचा जुना ना हरकत दाखला जोडलेला असतो, पण तो राहत्या घरासाठी दिलेला. बंगल्यात वीस आजी-आजोबा ठेवले की राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबाने ती संस्थात्मक इमारत होते. त्यामुळे वापरातला बदल आधी मंजूर करून घ्या; त्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी अडचण तारखेची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', वर्षातून दोनदा द्यायचं असतं: जानेवारीत आणि जुलैत. मागचं मिळाल्यापासून वर्ष मोजत बसलात तर जुलै हुकलाच. शिवाय हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीनेच द्यावं लागतं. आग विझवायचे सिलिंडर भरून दिल्याची दुकानदाराची पावती चालत नाही. ती घेऊन हेलपाटे घालणारे पाहिले की वाईट वाटतं. जागा भाड्याची असली तरी 'ते मालकाचं काम' म्हणून सुटका नाही. कायदा मालक आणि भोगवटादार (जागा वापरणारा) दोघांनाही जबाबदार धरतो, म्हणून भाडेकरारातच कोण काय करणार ते लिहून घ्या.

बाकी अर्ज, नकाशा, शुल्क हे सगळं सरळ आहे.

कागद पूर्ण झाले तरी माणसं तयार नसतात, आणि खरी काळजी तिथेच आहे. आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढायचा सराव दुपारी होतो, सगळे हजर असताना. रात्री मात्र दोन मावशी आणि एक वॉचमन. म्हणून एक सराव रात्रपाळीच्याच माणसांवर घ्या. कोण स्वतः चालतं, कोणाला आधार लागतो, कोण अंथरुणाला खिळलेलं, ही खोलीवार यादी दारापाशी लावा आणि नवीन कोणी आलं की त्याच दिवशी बदला. आगीच्या सर्वांत जवळच्यांना आधी हलवायचं. लिफ्ट वापरायची नाही. न चालणाऱ्यांना जिन्यावरून नेण्याआधी त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडे न्यायचं, आणि दार लावून घ्यायचं. उचलता येत नसेल तर चादरीसकट जमिनीवरून ओढत न्यायचं. हे मावशींना करून दाखवा, नुसतं सांगून जमत नाही.

सरावाच्या वहीत तारीख, पाळी, हजर माणसं आणि लागलेली मिनिटं लिहा. आणि जिन्याच्या ग्रीलला रात्री कुलूप असेल तर ते आजच काढा. विसराळू आजोबा बाहेर जातील ही भीती मला कळते. त्यासाठी दाराला घंटी बसवा, रात्री एक माणूस जागं ठेवा.