जयंत नारळीकर यांचे विज्ञानसाहित्य

नारळीकर, जयंत विष्णु : (१९ जुलै १९३८–२० मे २०२५). खगोलशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथेला स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून मान मिळवून देणारे कथाकार व कादंबरीकार. जन्म कोल्हापूरचा, निधन पुण्यात.

त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातली चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर त्यांत नाही, कारण त्यांचे बालपण बनारसला गेले. तरीही ज्या घरात ते वाढले त्याची मुळे करवीरातच होती. वडील विष्णु वासुदेव नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजहून परतल्यावर १९३२ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. आई सुमती संस्कृतच्या जाणकार, माहेरच्या हुजूरबाजार. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार हे त्यांचे मामा, तेही कोल्हापुरातच जन्मलेले. दुसरे मामा मोरेश्वर शिक्षणासाठी बनारसला राहायला आले, तेव्हा घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे कोडे लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. नारळीकरांच्या कथांची घडण पुष्कळदा अशीच आहे : आधी कोडे मांडायचे, वाचकाला त्यावर झुंजू द्यायचे, उत्तर शेवटी द्यायचे.

केंब्रिजमध्ये १९५९ साली ते सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले. पुढे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. १९६५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात, त्यांना पद्मभूषण मिळाले. साहित्याच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट म्हणजे हॉइल स्वतः कादंबरीकार होते. ‘द ब्लॅक क्लाउड’ ही त्यांची कादंबरी १९५७ ची. पहिल्या प्रतीचा शास्त्रज्ञ कथा लिहू शकतो आणि त्याने त्याच्या संशोधनाला उणेपणा येत नाही, हे नारळीकरांनी जवळून पाहिले होते.

१९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून नारळीकरांनीच हे नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून उतरवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या सान्निध्यात घड्याळ मंद चालते, हा सापेक्षतेचा निष्कर्ष या कथेचा कणा आहे. पुढच्याच वर्षी कोल्हापूर-पुणे रस्त्यावरच्या कराडला साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या वळणाची आवर्जून दखल घेतली. विज्ञानकथा म्हणजे मुलांसाठीचे रंजन, हा मराठी समीक्षेतला समज इथून हलू लागला.

१९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार कोल्हापूरवासी वि. स. खांडेकर यांना मिळाला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ‘ययाति’मध्ये खांडेकरांनी पुराणातली कथा माणसाच्या वासनेचा शोध घेण्यासाठी वापरली. नारळीकरही पुराणांकडे वळले, पण यंत्रयुगाची भीती सांगण्यासाठी. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीत खोलवर पुरलेली एक पेटी सापडते. तिच्यात आपल्याआधी होऊन गेलेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान साठवलेले असते. त्या ज्ञानातून माणसे एक यंत्रमानव घडवतात, त्याचे नाव वामन. बळीकडे बटूने तीन पावले भूमी मागितली, तसे या वामनाचे मागणेही वरवर साधे दिसते : स्वतःसारखा दुसरा घडवण्याची विद्या. ती देणे म्हणजे काय गमावणे, हे वाचकाला पात्रांच्या आधी कळते, आणि पाने उलटण्याचा वेग तिथून वाढतो. बुद्धिमान यंत्रांची चर्चा आज घरोघर चालते. १९८०च्या दशकात लिहिलेली ही कादंबरी आज पुन्हा वाचलीच पाहिजे.

‘प्रेषित’मध्ये परग्रहावरून आलेले मूल पृथ्वीवर माणसांत वाढते. ‘व्हायरस’मध्ये जगभरच्या संगणकांना लागलेल्या रोगाचे मूळ शोधण्याची धडपड आहे. ‘अभयारण्य’ ही त्यांची आणखी एक कादंबरी.

तरीही त्यांची खरी ताकद कथेतच दिसते. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह त्याची साक्ष. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डावे-उजवे उलटण्याचे भूमितीचे कोडे देवघरातल्या मूर्तीवरून उलगडते. ज्याने मोबियसची पट्टी (अर्धा पीळ देऊन टोके जोडलेली पट्टी) कधी पाहिलेली नाही, त्यालाही मूर्तीची सोंड कुठल्या बाजूला आहे हे चटकन कळते. विषय कितीही दूरचा असो, वाचकाच्या ओळखीच्या वस्तूपासून निघायचे, ही त्यांची रीत.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही मात्र मराठी माणसाच्या काळजाला हात घालणारी कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून निसटून गेली. एवढ्याशा फरकाने पुढचा सारा हिंदुस्थान बदलला. लेखक इथे अभिमानाला खतपाणी घालून थांबत नाही. पुंजभौतिकीत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या (क्वांटम) भौतिकीत, इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याच्या अनेक शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्या तर्काने तो दोन इतिहास शेजारीशेजारी उभे करतो. पानिपताची जखम आणि पुंजसिद्धान्त एकाच कथेत इतक्या सहज नांदताना मराठीत दुसरीकडे क्वचितच दिसतात.

विज्ञान काढून घेतले तर जी कोसळते तीच विज्ञानकथा, अशी त्यांची भूमिका होती. भुताखेतांच्या गोष्टीला अवकाशयानाचा मुलामा देणे त्यांना मान्य नव्हते. या आग्रहाची किंमतही त्यांच्या लेखनाने मोजली आहे. त्यांची पात्रे बहुधा शास्त्रज्ञ, पत्रकार किंवा अधिकारी असतात, संवादांत स्पष्टीकरण फार येते, मनाचे पदर फारसे उलगडत नाहीत. कादंबऱ्यांत हे अधिक जाणवते. पण अवघड कल्पना सोप्या, नितळ मराठीत सांगण्याची त्यांची हातोटी अशी की हे उणेपण वाचक आनंदाने सोसतो.

१९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्र व खगोलभौतिकीची आंतरविद्यापीठीय संस्था उभारली आणि २००३ पर्यंत तिचे संचालकपद सांभाळले. विज्ञानप्रसारासाठी १९९६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, २००४ मध्ये पद्मविभूषण, २०१० मध्ये महाराष्ट्र भूषण आणि आत्मचरित्रासाठी २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते स्वतः जाऊ शकले नाहीत. विज्ञानलेखकाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

त्यांचे लेखन हिंदी, इंग्रजी व इतर भाषांत गेले. गंगाधरपंतांची कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आहे.