कौन्सिलचं भाडं आणि सर्व्हिस चार्ज, दोन्हीला एकच लिमिट नाहीये
इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या) घरात राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये दर एप्रिलला तेच फिरतं, की सरकारने भाडेवाढीचं लिमिट ठरवलंय म्हणजे एकूण बिल त्यापेक्षा जास्त वाढूच शकत नाही. असं नाहीये हो. लिमिट आहे ते भाड्याच्या वाढीला, आदल्या सप्टेंबरचा महागाई दर अधिक 1 टक्का, म्हणून एप्रिल 2025 ला 1.7 अधिक 1 असं 2.7 टक्के झालं. सर्व्हिस चार्ज, म्हणजे जिन्याची साफसफाई, लिफ्ट, कॉमन लाइट, हा साधारण खर्चावर ठरतो, तो त्याच मर्यादेत ठेवायचा प्रयत्न करा असं सरकार सांगतं पण सक्ती नाही. फक्त ‘अफोर्डेबल रेंट’वालं घर (बाजारभावापेक्षा कमी भाड्याचा एक वेगळा प्रकार) असेल तर भाड्यातच सर्व्हिस चार्ज धरलेला असतो, तिथे लिमिट एकूण रकमेच्या वाढीला.

म्हणून पत्र आलं की दोन्ही आकडे वेगळे बघा, आणि सर्व्हिस चार्ज जास्त वाटला तर हिशोब मागा, खरंच मागा, घाबरू नका. आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) असेल तर नवीन भाडं ऑनलाइन अकाउंटमध्ये स्वतः कळवायचं, ते आपोआप होत नाही, माझ्या ओळखीतल्या एका काकूंचे त्यात पैसे थकले.