जमिनीला संशोधन मिळालं, मागाला अनुदान: एक लाख कोटींच्या निधीमागची पार्श्वभूमी

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी ‘संशोधन, विकास आणि नवोपक्रम’ योजनेला मंजुरी दिली. ३ नोव्हेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी तिचा एक लाख कोटी रुपयांचा निधी सुरू केला. खासगी उद्योगांनी संशोधनात उतरावं म्हणून अगदी कमी किंवा शून्य व्याजाने, लांब मुदतीने पैसा द्यायचा, असं तिचं स्वरूप आहे. हा आकडा सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पोहोचला की चादरी-टॉवेल विणणाऱ्या कारखानदाराचा पहिला प्रश्न असतो, यातलं आमच्या मागापर्यंत काय येणार? या प्रश्नाचं उत्तर शोधायला जवळपास शंभर वर्षं मागे जावं लागतं, कारण सरकारी संशोधन सोलापूरला नवीन नाही. ते इथे फार आधी आलं, पण शेताच्या बांधावर.

दुष्काळ हा या जिल्ह्याचा जुना सोबती. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये अहवाल दिला. त्यातून १९२९ मध्ये कृषी संशोधनाची केंद्रीय परिषद उभी राहिली, आजची आयसीएआर. या परिषदेच्या पैशातून १९३३ च्या सुमारास देशात कोरडवाहू शेतीची मोजकी केंद्रं निघाली: विजापूर, हगरी, रायचूर, रोहतक आणि सोलापूर. पावसाचं पाणी शेतातच कसं जिरवायचं, बांध कुठे घालायचे, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, याचे प्रयोग इथल्या काळ्या रानात वर्षानुवर्षं चालले. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘एम ३५-१’ हे ज्वारीचं वाण काढलं गेलं. रब्बीत आजही ते पेरलं जातं. एवढं टिकलेलं दुसरं सरकारी संशोधन मला तरी या जिल्ह्यात दिसत नाही.

पुढे १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती प्रकल्प आला आणि त्यातही सोलापूरला केंद्र मिळालं. डाळिंबाची गोष्ट अलीकडची. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा वाढल्या, सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब उभं राहिलं. मग तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग आला आणि कर्ज काढून लावलेल्या बागा शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने उपटाव्या लागल्या. २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच, केगावला सुरू केलं. बागेला विश्रांती कधी द्यायची, कोणता बहर धरायचा, निरोगी रोपं कशी तयार करायची, हे काम तिथे झालं. ‘सोलापूर लाल’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण तिथूनच आलं. तेल्या संपलेला नाही. पण शेतकऱ्याला प्रश्न घेऊन जायला दार आहे, आणि दाराच्या आत पगारी शास्त्रज्ञ आहेत.

मागाचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. ‘जुनी मिल’ ही सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पाठोपाठ इतर गिरण्या आल्या आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घराघरांत माग मांडले. उद्योगांसाठी संशोधनाचं राष्ट्रीय धोरण १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) स्थापनेने आकाराला येऊ लागलं. स्वातंत्र्यानंतर कापडधंद्यासाठी एक चांगली पद्धत निघाली: गिरण्यांनी वर्गणी काढायची, सरकारने भर घालायची आणि सगळ्यांची मिळून एक संशोधन संस्था चालवायची. १९४७ मध्ये अहमदाबादला ‘अटिरा’ निघाली, तिच्या उभारणीत विक्रम साराभाई होते. पुढे मुंबईला ‘बिट्रा’ आणि कोइमतूरला ‘सिट्रा’ आली. सोलापूरला मात्र अशी स्वतःची संस्था मिळाली नाही. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि धंदा हजारो छोट्या यंत्रमागांवर विखुरला. आठ-दहा मागांचा मालक प्रयोगशाळा काढू शकत नाही, आणि त्याने ती काढावी अशी अपेक्षा करणंही अन्यायाचं आहे.

दिल्लीत धोरणं येत राहिली. संसदेपुढे ठेवलेला १९५८ चा विज्ञान धोरण ठराव मुख्यतः विज्ञानाचा पाया घालण्याबद्दल होता. १९८३ च्या तंत्रज्ञान धोरणाने स्वदेशी तंत्रज्ञानावर भर दिला. आयात तंत्रज्ञानावरच्या उपकराशी जोडून १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ आलं. कंपनीने स्वतःच्या संशोधन विभागावर खर्च केला तर आयकरात दुप्पट वजावट मिळे. ती २०१७ पासून दीडपट आणि २०२० पासून प्रत्यक्ष खर्चाइतकीच उरली. यातल्या सवलती ज्याच्याकडे मान्यताप्राप्त संशोधन विभाग आहे, त्याच्यासाठी. भागीदारीत चालणाऱ्या चादर कारखान्याला त्यांचा उपयोग शून्य.

सोलापूरच्या वाट्याला १९९९ ची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली. नव्या यंत्रासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात पाच टक्क्यांचा दिलासा, नंतर यंत्रमागाला थेट भांडवली अनुदानही. साध्या मागाला जोडणी करून तो अर्धस्वयंचलित करण्याचीही योजना आली. याने काहींचं भलं झालं, हे नाकारता येत नाही. पण ही मदत कुठेतरी बनलेलं यंत्र विकत घेण्यासाठी होती. त्या यंत्रावर नवं काय विणायचं, पानिपतच्या स्वस्त मालापुढे चादर कशी उभी करायची, सूत आणि रंगाचा खर्च कसा उतरवायचा, यावर बसून काम करणारं कुणी नव्हतं. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, तो आपला अभिमान आहेच. ते जुन्या मालाचं नाव राखतं. नवा माल त्यातून तयार होत नाही.

आताच्या निधीचं कारण आकड्यांत आहे. भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा सुमारे ३६ टक्के, हे २०२०-२१ चं चित्र. २०१३ च्या विज्ञान धोरणाने दोन टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यासाठी संसदेने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज धरला, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे. नवा एक लाख कोटींचा निधी याच प्रतिष्ठानमार्फत दुसऱ्या पातळीवरच्या निधी व्यवस्थापकांकडे आणि त्यांच्याकडून उद्योगांकडे जाणार आहे. त्यात अनुदान नाही. प्रयोगशाळेत सिद्ध होऊन बाजाराच्या वाटेवर असलेलं तंत्रज्ञान हवं.

म्हणजे ज्याच्याकडे आधीच प्रयोगशाळा आहे, त्याच्यापासून हा निधी सुरू होतो. माझ्या मते सोलापूरने या निधीच्या मागे धावण्याआधी दुसरी दोन दारं ठोठावावीत. एक, २०२० मध्ये १,४८० कोटींची तरतूद करून आलेलं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियान, ज्यात संशोधनासाठी वेगळा पैसा होता. रुग्णालय, शेती आणि बांधकामासाठीचं कापड हा टॉवेलपेक्षा वेगळा बाजार आहे. दोन, त्याच प्रतिष्ठानची राज्य विद्यापीठांना अव्वल संस्थांशी जोडणारी योजना. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, वालचंदसारखी अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि यंत्रमागधारकांचे संघ यांनी मिळून एक प्रस्ताव केला, वर्गणी काढली, तर १९४७ ची अहमदाबादची पद्धत इथेही चालू शकते. केगावला डाळिंबासाठी जसं केंद्र आहे तसं मागासाठी मागायचं, तर त्या मागणीत लोकप्रतिनिधींच्या पत्रासोबत कारखानदारांच्या वर्गणीची यादीही जोडलेली असावी.