खुंट्या त्याच, ब्रेक वेगळे: कँटिलिव्हर आणि व्ही-ब्रेक

जुनी स्टीलची माउंटन बाइक नव्याने उभी करायला घेतली की गंज, रंग, हेडसेट आणि बॉटम ब्रॅकेट यांतच सगळा उत्साह संपतो. ब्रेकची पाळी येते तेव्हा माणूस दमलेला असतो. मीही दमलो होतो. नव्वदीच्या सुरुवातीची फ्रेम, तिचे मूळचे कँटिलिव्हर ब्रेक धड पकडत नव्हते आणि सुट्या भागांच्या डब्यात व्ही-ब्रेकची एक जोडी पडून होती. फ्रेमवरच्या खुंट्यांवर ती अशी चपखल बसली की जणू तिथलीच. बोल्ट तेच, स्प्रिंगचं टोक अडकवायची भोकं तीच. लिव्हर मात्र जुनेच ठेवले, कारण गिअरचे शिफ्टर त्यांच्याच अंगाला जोडलेले होते. सपाट रस्त्यावर फिरून पाहिलं, ब्रेक मऊसूत लागत होते. खूश झालो. पहिल्याच उतारावर मागचा लिव्हर थेट ग्रिपला टेकला, आणि घाबरून पुढचा दाबला तर मागचं चाक जमीन सोडून वर आलं. पडलो नाही, पण खाली पोचल्यावर पाच मिनिटं नुसताच बसून होतो.

चूक ब्रेकच्या हातांची नव्हती, लिव्हरची होती. ती का झाली हे समजायला दोन्ही ब्रेक शेजारी ठेवून बघावे लागतात.

बसतात दोन्ही एकाच जागी. फोर्कच्या दोन पायांवर आणि मागे सीटस्टेवर, म्हणजे सीटकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांवर, जोडलेल्या, साधारण 8 मिमी जाडीच्या खुंट्या, आत 6 मिमी बोल्टचे आटे. दोन्हींत दोन हात असतात, प्रत्येक हात आपल्या खुंटीवर फिरतो आणि रबर रिमला दाबतो. नावाचाही घोळ आहे. ‘व्ही-ब्रेक’ हे शिमानोचं व्यापारी नाव. यंत्राच्या दृष्टीने तोही कँटिलिव्हरच, फक्त तार थेट ओढणारा. त्यामुळे ‘कँटिलिव्हरच्या खुंट्या आहेत का?’ या प्रश्नाचं ‘हो’ असं उत्तर मिळालं तरी कुठला ब्रेक चालेल हे काही कळत नाही.

खरा फरक तारेच्या वाटेत आहे. जुन्या कँटिलिव्हरमध्ये तार वरून येते. चाकाच्या वर कुठेतरी आउटर, म्हणजे तारेवरचं बाहेरचं आवरण, अडवणारा हँगर असतो, कधी हँडल धरणाऱ्या स्टेममध्ये, कधी हेडसेटच्या वॉशरमध्ये, मागे सीटच्या क्लॅम्पवर किंवा सीटस्टेच्या मधल्या पुलावर. तिथून पुढे उघडी तार खाली येते आणि दोन हातांना जोडणाऱ्या आडव्या तारेला मधोमध धरून वर खेचते. समोरून बघितलं तर उलटा ‘Y’ दिसतो. व्ही-ब्रेकमध्ये वरून ओढणं नाहीच. आउटर एका बाजूने येतो, ‘नूडल’ म्हणतात त्या वाकड्या नळीतून तार आडवी वळते आणि टायरच्या वरून थेट पलीकडच्या हाताला जाते. एक हात तारेने ओढला जातो, दुसरा नळीने ढकलला जातो. हँगरची गरजच उरत नाही.

हात लांब, म्हणून जोर जास्त. व्ही-ब्रेकचा हात खुंटीपासून तारेपर्यंत साधारण 10 सेंमी भरतो, आणि रबर खुंटीपासून अडीच-तीन सेंमीवर बसतं. इतक्या लांब दांड्याने ओढायचं तर जोर कमी लागतो, पण तार जास्त सरकवावी लागते. म्हणून व्ही-ब्रेकचा लिव्हर मुद्दाम वेगळा बनवतात: तो एका दाबात जुन्या लिव्हरच्या जवळजवळ दुप्पट तार खेचतो आणि त्या बदल्यात निम्माच जोर देतो. जोर कुठे वाढवायचा, लिव्हरमध्ये की हातांत, एवढाच हा वाटणीचा प्रश्न. जुन्या रचनेत लिव्हरचा वाटा मोठा होता, नव्या रचनेत हातांचा.

माझ्याकडे दोन्ही वाटे मोठेच झाले होते. जुना लिव्हर थोडी तार, पण खूप जोराने खेचतो, आणि लांब हात तो जोर आणखी वाढवतात. एकूण जोर हवा त्याच्या दुप्पट, रबराची हालचाल मात्र निम्मी. रिम थोडी डुगडुगत असल्याने रबर अगदी खेटून लावता येत नव्हतं, म्हणून मागचा लिव्हर रबर रिमला पुरतं दाबायच्या आतच संपला. पुढचं रबर जरा जवळ लागलं होतं, तिथे तो सगळा जोर एकदम उतरला.

उलटी चूकही लोक करतात, म्हणजे नवे व्ही-लिव्हर आणि जुने कँटिलिव्हर हात. ती दुकानात ओळखूही येत नाही, कारण लिव्हर हाताला छान कडक लागतो आणि माणसाला वाटतं, वा, काय घट्ट ब्रेक आहे. पण तो कडकपणा फसवा. बोटं दुखेस्तोवर दाबलं तरी सायकल आपल्या मर्जीने थांबते.

लिव्हर ओळखायला पट्टी पुरते. लिव्हर ज्या पिनवर फिरतो तिच्या मध्यापासून तारेचं डोकं जिथे अडकतं तिथपर्यंतचं अंतर मोजा. वीस-पंचवीस मिमीच्या आसपास भरलं तर कँटिलिव्हरचा, तीस किंवा त्याहून जास्त भरलं तर व्ही-ब्रेकचा. काही लिव्हरमध्ये तारेची जागा दोन खाचांत बदलता येते. अशी जोडी हाती लागली तर जपून ठेवा. वळणदार रोड हँडल लावून जुन्या माउंटन बाइकची टूरिंग सायकल करणारे बरेच असतात. त्या हँडलचे बहुतेक लिव्हर तार थोडीच खेचतात, म्हणजे ते कँटिलिव्हरच्या गोटात. पूर्ण लांबीचा व्ही-ब्रेक लावायचा हट्टच असेल तर नूडलच्या जागी दोन वेगळ्या व्यासांची छोटी कप्पी बसवावी लागते. ती तारेची सरक वाढवून देते. चालते, पण आणखी एक जागा जिथे तार घासते आणि झिजते.

हे दोन प्रकार झाले कसे, हे फ्रेमचं वय ओळखायला उपयोगी आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 21 ऑक्टोबर 1976 ला ‘रीपॅक’ची पहिली शर्यत झाली तेव्हा पोरं कोस्टर ब्रेकवर, म्हणजे पेडल उलटं दाबून लागणाऱ्या हबमधल्या ब्रेकवर, डोंगर उतरत होती. मागच्या हबमधलं ग्रीस तापून जळायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब पुन्हा भरावा लागायचा. शर्यतीचं नावच त्यावरून पडलं: रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. जाड टायरला वळसा घालू शकतील असे रिम ब्रेक हवे होते आणि ते टँडम, सायक्लोक्रॉसच्या सायकलींवर आधीपासून होते: कँटिलिव्हर. पुढे नव्वदीत सस्पेन्शन फोर्क आले. चाक फोर्कबरोबर वरखाली होतं आणि हँगर मात्र स्टेमला घट्ट, हे जमेना. हँगर फोर्कच्या कमानीवर न्यावा लागला. 1996 च्या सुमारास शिमानोने व्ही-ब्रेक आणला आणि हँगरची कटकटच गेली. फ्रेम त्याआधीची असेल तर ती कँटिलिव्हरसाठीच बनलेली आहे असं धरून चाला. जुन्या फ्रेमवर खुंट्यांमधलं अंतरही कधीकधी कमी असतं, मग व्ही-ब्रेकचे हात जाड टायरला खेटू शकतात. तेव्हा मोजून घेतल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

एक अपवाद आधीच पाहून घ्या. ऐंशीच्या उत्तरार्धातल्या काही फ्रेमना मागे, बऱ्याचदा चेनस्टेच्या (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) खालून, यू-ब्रेक नावाचा तिसराच प्रकार असायचा. त्याच्या खुंट्या रिमच्या बाहेरच्या, टायरच्या बाजूला असतात. कँटिलिव्हर आणि व्ही-ब्रेकच्या खुंट्या रिमच्या आत, हबच्या बाजूला. दिसायला सारख्याच, पण तिथे या दोन्हींपैकी काहीच बसत नाही.

आता माझं मत. जुनी सायकल जुन्यासारखी ठेवायची असेल तर कँटिलिव्हर सोडू नका. ‘कँटिलिव्हर पकडत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या दहा सायकलींपैकी निदान आठांवर रबर दगडासारखं झालेलं असतं आणि आडवी तार चुकीच्या उंचीवर असते. नवं, मऊ रबर आणि नव्या तारा एवढ्यावरच निम्मं दुखणं जातं. रबर घेताना त्याचा दांडा बघा: जुन्या कँटिलिव्हरना गुळगुळीत दांड्याचं लागतं, व्ही-ब्रेकना आट्यांचं.

उरलेलं निम्मं म्हणजे ती आडवी तार. कँटिलिव्हर लावणं ही खरी कारागिरी, आणि व्ही-ब्रेकमध्ये ती करावीच लागत नाही, हेच लोकांना व्ही-ब्रेक आवडण्याचं कारण. आडव्या तारेच्या प्रत्येक अंगाचा क्षितिजसमांतर रेषेशी 60 अंशांचा कोन असेल, तर वरून आलेल्या ताणाच्या सुमारे 58 टक्के ताण प्रत्येक अंगात पोचतो. कोन 30 अंशांवर आणला की पूर्ण 100 टक्के. लिव्हर तोच, बोटं तीच, नुसती आडवी तार मधोमध धरणारी कडी खाली सरकवली. अरुंद हातांच्या ब्रेकांत तर खाली सरकवल्याने ओढ खुंटीपासून लांबून लागते, म्हणजे फायदा दुहेरी. रुंद, बाहेर पसरलेल्या हातांच्या जुन्या ब्रेकांत हा फरक बराच पुसला जातो. किंमत अर्थात आहेच: कडी जेवढी खाली, तेवढा लिव्हर खोल जातो, आणि फारच खाली आणली तर ती टायरवरच्या उंचवट्यांना लागते, चिखल अडकतो तो वेगळाच. मी टायर आणि कडीच्या मध्ये दोन बोटांची जागा ठेवतो. रबराची पुढची कड मागच्यापेक्षा जेमतेम अर्धा मिमी आत, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही.

खुंटीकडे दुर्लक्ष नको. हात काढल्यावर ती गंजलेली आणि रंगाने माखलेली दिसेल. बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, ग्रीसचा पातळ हात फिरवा. बोल्ट बेताने आवळा. जोर लावून आवळला की खुंटीचं टोक फुगतं आणि हात जाम होतो, मग माणूस स्प्रिंगला दोष देत बसतो.

कँटिलिव्हरची एक भीती मात्र खरी आहे. वरची मुख्य तार तुटली, तर आडवी तार टायरवर पडते, टायरवरचे उंचवटे तिला ओढून नेतात आणि पुढचं चाक जागीच थांबतं. म्हणून जुन्या सायकलींवर फोर्कच्या वरच्या भागाला परावर्तकाचा ब्रॅकेट किंवा मडगार्ड असेल तर तो शोभेचा नव्हे, तार अडवणारा आहे. सफाईच्या नादात काढून टाकू नका. व्ही-ब्रेकची तार तुटली तर नुसता ब्रेक जातो, बाकी काही पडत नाही.

माझ्या सायकलवर सध्या तिचेच जुने हात परत आहेत, नव्या रबरासह, आणि पुढे फोर्कला परावर्तकाचा तो ब्रॅकेट. व्ही-ब्रेकची जोडी डब्यात परत गेली, एका पिशवीत बांधून.